धावते खाते

बँकेत बचत खाते असते, चालू खाते असते, बुडीत खाते तर असतेच असते. पण 'धावते खाते' नावाचा प्रकार बावीस वर्षांच्या नोकरीत मी एकाही परिपत्रकात वाचलेला नाही. बँकेच्या शहाणपणाबद्दल माझे मत एरवी बेताचेच आहे. पण ह्या एका बाबतीत तिने दाखवलेल्या संयमाबद्दल मला आदर वाटतो. पैसा चालावा, फिरावा, प्रसंगी बुडावा. पण धावू नये. धावणाऱ्या वस्तूचा ताळेबंद लागत नाही.

माणसाचेही तसेच असावे, असे सत्तेचाळीसाव्या वर्षापर्यंत माझे प्रामाणिक मत होते. मी बी.कॉम. झालेला माणूस. जिथे उत्पन्न दिसत नाही तिथे खर्च करू नये, एवढे एकच वाक्य तीन वर्षांच्या शिक्षणातून माझ्या डोक्यात शिल्लक राहिले आहे. आता धावण्याचा हिशेब मांडून बघा. खर्चाच्या बाजूला दम, घाम, झोप आणि बूट. उत्पन्नाच्या बाजूला काय? तर निघालो होतो तिथेच परत आलो! शेवटी घरीच यायचे, तर माणसाने आधीपासूनच घरी का असू नये?

शिवाय मी राहतो कोरपन्याला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या ह्या आमच्या गावाने न धावता जेवढा प्रवास केला आहे तेवढा भल्याभल्या धावपटूंनी केला नसेल. आधी आम्ही हैदराबाद संस्थानात, आदिलाबाद जिल्ह्यात होतो. १९५६ साली उठलो तो मुंबई राज्यात, नांदेड जिल्ह्यात. १९५९ साली पुन्हा उठलो तो चांद्यात, म्हणजे आजच्या चंद्रपुरात. तीन वर्षांत दोन राज्ये आणि तीन जिल्हे, आणि गाव एक इंचभर जागचे हललेले नाही! अशा गावचा माणूस 'जागेवर बसून सगळे होते' असे मानू लागला तर दोष त्याचा नाही, मातीचा आहे.

जागेवर बसून माझे जे झाले ते पोट. मी रोकड खिडकीवर बसतो. खिडकीपलीकडच्या गिऱ्हाइकाला माझा खांद्यापासून वरचा भागच दिसतो, त्यामुळे गावात माझी ख्याती बरीच वर्षे सडपातळ माणूस अशी होती. एकदा नोटा मोजायचे यंत्र बिघडले म्हणून मी उठून बाहेर आलो, तेव्हा रांगेतल्या एका म्हातारीने कौतुकाने म्हटले, "अरे बाप्पा! एवढे होते का जी तुमी?"

गेल्या वर्षी बँकेने सगळ्यांची तपासणी करायचे ठरवले आणि माझे कागद चंद्रपूरच्या डॉक्टरांपुढे गेले. डॉक्टरांनी ते बराच वेळ पाहिले. मी कर्जाचे कागद पाहताना करतो तसाच चेहरा त्यांनी केला होता, म्हणून मला अर्ज नामंजूर होणार हे आधीच कळले.

"साखर काठावर आहे," ते म्हणाले.

"म्हणजे पास ना?" मी विचारले. काठावर पास होण्याचा मला शाळेपासूनचा अनुभव आहे.

"रोज चाला. जमेल तसं धावा."

"त्याऐवजी एखादी गोळी...?"

"गोळ्याही देतोय."

घरी येऊन मी हे सौ.ला सांगितले. तिने ते आपल्या बहिणीला सांगितले. बहिणीने अमेरिकेतल्या मुलाला सांगितले. हा आमचा भाचा सॅन दिएगोला असतो आणि तिथल्या टॉरी पाइन्स नावाच्या, समुद्राकाठच्या राखीव रानातून दर रविवारी धावतो. त्याने लगोलग फोनवर चित्रासकट दर्शन दिले. मागे निळा समुद्र, खाली पिवळे कडे, कड्यांवर वाकडीतिकडी पाइनची झाडे. ही जात जगात नैसर्गिकरीत्या तिथे आणि एका बेटावरच उगवते म्हणे.

"काका, वाट सोडायची नाही, कुत्रं न्यायचं नाही आणि वाटेवर खायचं काही न्यायचं नाही, एवढेच नियम," तो धापा न टाकता म्हणाला.

"खायचं न्यायचं नाही?"

"फक्त पाणी."

मी सौ.कडे पाहिले. उपाशीपोटी समुद्राकाठी धावायला पोरगा सातासमुद्रापलीकडे गेला, ह्याचे आईबापांना किती वाईट वाटत असेल!

पण भाच्याने दोन गोष्टी मात्र कामाच्या सांगितल्या. एक, धावताना बरोबरच्या माणसाशी बोलता आले पाहिजे. बोलणे तुटले की वेग जास्त झाला असे समजून चालायला लागायचे. दोन, रानवाटेवर लांब टांगा टाकायच्या नाहीत. पावले छोटी आणि नजर तीन-चार पावले पुढे. पहिला नियम मला फार आवडला. बोलत बोलत काम करणे आणि बोलणे तुटेल इतके काम न करणे हे आमच्या खात्याचे जुनेच धोरण आहे.

तर एका सोमवारी पहाटे साडेपाचला मी गडचांदूरच्या रस्त्याला लागलो. अंगात पांढरा गंजीफ्रॉक, खाली मुलीच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात मिळालेली अर्धी चड्डी, पायात नवे बूट. शंभर पावले झाली असतील-नसतील, तोच मागून दूधवाल्याची फटफटी आली.

"यष्टी चुकली का जी साहेब? बसा मांगं, गाठून देतो."

"नाही, धावतोय."

"ते तं दिसूनच राह्यलं. पन कायले?"

ह्या प्रश्नाला उत्तर नव्हते, म्हणून मी पुढे धावलो. तेव्हा त्याने फटफटी हळू केली आणि माझ्या बाजूबाजूने, काळजीने, गावाच्या वेशीपर्यंत सोबत केली. पुढे सिमेंटचे ट्रक सुरू झाले. एकेका ट्रकामागून असा धुरळा यायचा की मी धावतो आहे की उभा आहे हे माझे मलाच कळत नव्हते. एका वळणावर शेताकडे निघालेल्या बंडीवरचे आजोबा दिसले. आमच्याच शाखेचे जुने खातेदार. त्यांनी बैल थांबवले. पहाटेच्या अंधारात बँकेचा रोकड सांभाळणारा माणूस अर्ध्या चड्डीत गावाबाहेर धावत सुटलेला पाहून त्यांचा चेहरा उतरला.

"काय झालं जी?" त्यांनी दबक्या आवाजात विचारले. "बँक तं ठीक हाये नं?"

माझ्याजवळ बोलायला दम नव्हता. मी हाताने 'ठीक आहे' अशी खूण केली. ती त्यांना 'संपलं सगळं' अशी दिसली असावी. कारण अकरा वाजता शाखा उघडली तेव्हा बाहेर वीस-पंचवीस माणसे पासबुके घेऊन उभी होती आणि प्रत्येकाला आपली शिल्लक आत्ताच्या आत्ता डोळ्यांनी पाहायची होती. नेमकी त्याच दिवशी तारेची जोडणी गेलेली. "मशीन बंद आहे, नंतर या," असे शिपायाने सांगताच रांगेतून जो हुंकार उठला तो मी जन्मात विसरणार नाही. साहेबांनी टेबलावर उभे राहून भाषण केले. दोन वाजता गर्दी ओसरली. मग त्यांनी मला आत बोलावले.

"धावायला माझी हरकत नाही," ते घाम पुसत म्हणाले, "पण उद्यापासून बँकेकडे तोंड करून धावा. बँकेकडे पाठ करून धावू नका."

रस्ता बंद झाला म्हणून मी रानाच्या बाजूची गाडीवाट धरली. तिथे ट्रक नव्हते, खातेदार नव्हते. होता तो वनरक्षक. त्याने सायकल आडवी लावली.

"इकडं काहून पळून राह्यले साहेब? परवा दिवशी खुणा दिसल्या इथं."

"कसल्या?"

तो बोलला नाही. आमच्या जिल्ह्यात 'कसल्या' असे कोणी विचारत नाही. महाराष्ट्रातले सगळ्यात जुने राष्ट्रीय उद्यान ताडोबा, ते १९५५ पासून आमच्या जिल्ह्यात आहे. १९९५ मध्ये अंधारीसकट त्याचा व्याघ्रप्रकल्प झाला. २०२२च्या गणनेत राज्यात ४४४ वाघ मोजले गेले आणि त्यांतला मोठा वाटा आमच्या बाजूच्या रानांचा. देशभरातले लोक पैसे भरून, जिप्सीत बसून ते पाहायला येतात, आणि आत गेल्यावर त्यांना पहिली ताकीद मिळते ती गाडीतून पाय खाली न टाकण्याची. आम्ही गाडीशिवायच राहतो, एवढाच फरक.

"समजा, दिसलाच," वनरक्षक म्हणाला, "तं पळू नोका. पळालं का त्याले वाटते, आपलं खानं पळून राह्यलं. पाठ नोका दाखवू. वाकू नोका, बसू नोका. तोंड त्याच्याकडं, हात वर, आन हळूहळू मांगं मांगं."

हे मला नवीन नव्हते. मोहफुले वेचायला, तेंदूपत्ता तोडायला माणूस वाकतो, बसतो, आणि तेवढ्यात चार पायांच्या जनावरासारखा दिसतो. अशी गेलेली माणसे आमच्या बाजूच्या गावोगावी आहेत. त्यांच्या घरची माणसे खिडकीवर वारसाचे कागद घेऊन येतात, आणि त्या दिवशी मी नोटा दोनदा मोजतो. ह्या गोष्टीवर विनोद करायची आमच्याकडे पद्धत नाही. मी बूट काढून माळ्यावर टाकले. डॉक्टर म्हणतात धावा, वनखाते म्हणते धावू नका. दोन खात्यांची परिपत्रके परस्परविरोधी असतील तर काहीच करू नये, हा सरकारी कामाचा पाया आहे.

तसे ते प्रकरण मिटलेही असते. पण आमची मुलगी सातवीत आहे आणि तिला वजाबाकी येते.

आमच्या बैठकीत माझ्या वडिलांची तसबीर आहे. ते शाळामास्तर होते. तसबिरीखाली दोन साले लिहिली आहेत, १९५० आणि १९९९. त्या वर्षी एका दुपारी ते शाळेतून आले, जरा दमल्यासारखे झाले आहे म्हणाले, खुर्चीत बसले आणि आईला चहा टाकायला सांगितले. चहा झाला तेव्हा तो प्यायला ते नव्हते. मी तेव्हा एम.कॉम.चा अर्ज भरून आलो होतो. तो अर्ज पुढे पाठवलाच नाही; बँकेच्या परीक्षेचा पाठवला.

एका रात्री मुलगी गृहपाठ करता करता तसबिरीकडे बघत बसली. मग म्हणाली, "बाबा, आजोबा एकोणपन्नासचे होते?"

"हो."

"आणि तुम्ही सत्तेचाळीस."

पुढे ती काही बोलली नाही. वही मिटून झोपायला गेली. मी बराच वेळ दिवा चालू ठेवून बसलो. बावीस वर्षे मी लोकांची शिल्लक काढतो आहे. माझी शिल्लक एवढ्या सुबकपणे कोणी काढली नव्हती. सकाळी उठून पाहतो तर माळ्यावरचे बूट दाराशी येऊन बसलेले.

त्या दिवाळीत आम्ही मुरूडला गेलो. रायगड जिल्ह्यातल्या जंजिरा-मुरूडला माझा धाकटा मेहुणा शाळेत भूगोल शिकवतो. "भाऊजी, तुम्हाला धावायला वाघ नसलेलं रान देतो," असे त्याने कळवले होते. कोरपन्याहून चंद्रपूर, चंद्रपूरहून नागपूर, रात्रभराची गाडी, मुंबईत भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच आणि पुढे पुन्हा यष्टी. धावण्यासाठी माणसाला इतका वेळ बसावे लागते, हे मला आधी कोणी सांगितले असते तर मी धावण्याबद्दल वाईट बोललो नसतो.

ह्या रानाचे नाव फणसाड. मुरूडपासून थोड्याच अंतरावर, डोंगरउतारावर. पूर्वी हे जंजिऱ्याच्या नवाबांचे शिकारीचे राखीव जंगल होते. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले, आणि १९८६ मध्ये ह्या रानाचे अभयारण्य झाले. सुमारे चोपन्न चौरस किलोमीटर. ताडोब्याच्या मानाने हे म्हणजे मुख्य शाखेपुढे विस्तारित काउंटर. पण काउंटरवर माल भरगच्च. आमच्याकडे साग आणि बांबू उन्हाळ्यात अंगावरची पाने टाकून मोकळे होतात. इथे झाडांनी आभाळच झाकून टाकलेले. गारंबीचे वेल माणसाच्या मांडीएवढे जाड, आणि त्यांच्या शेंगा हातभर लांब. एका शेंगेकडे बघून सौ. म्हणाली, "ह्याची भाजी करायची तर चुलाण लागेल."

सुपेगावच्या बाजूने आत शिरताना वाटाड्या बरोबर घेतला. पन्नाशीचा, काटक माणूस. मेहुण्याने त्याला माझा हेतू सांगितला. त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिले आणि विचार केला.

"इथे लोक बहुतेक चालतात, साहेब," तो म्हणाला. "गप चाललं तर जनावर दिसतं. पण धावायचंच तर ह्या गाडीवाटेवर धावा. पायवाटेवर मुळं आहेत. वाट सोडू नका, कागद-पिशवी टाकू नका, आरडाओरडा नको."

"जनावरं कुठली कुठली?" मी सावधपणे विचारले.

"बिबट्या आहे. सांबर, भेकर, रानडुक्कर. वर शेकरू. नशिबात असलं तर गिधाड."

"आणि वाघ?"

तो हसला. "तुम्ही तिकडचे ना? तुमच्याकडे आहे तेवढा पुरे."

वाट लाल मातीची होती. आमच्या डांबरी रस्त्यावर पाय आपटला की आवाज थेट दाढेपर्यंत जातो. इथे माती पाय अलगद घेत होती आणि परत देत होती, व्याज न लावता. मध्येमध्ये जांभ्याचे दगड वर आलेले. भाच्याचा नियम आठवून मी पावले छोटी केली. चढ आला की चालायचे, सपाटी आली की धावायचे. मुलगी पुढे, मग मी, मग मेहुणा आणि सौ., आणि सगळ्यांत मागे वाटाड्या. मेहुणा मागून भूगोल सांगत होता. इथल्या पाणवठ्यांना गाण म्हणतात. फणसाडचे गाण, चिखलगाण अशी नावे. उन्हाळ्यात सगळे रान त्या पाण्यावर येते. बोलता बोलता त्याचा आवाज मागे राहिला. मुलगी वळणापलीकडे दिसेनाशी झाली. क्षणभर त्या वाटेवर मी एकटाच होतो.

आणि मागे पाचोळ्यात धप्पकन काहीतरी पडले.

मग खसफस. पुन्हा धप्प.

वाचकहो, माणूस गाव सोडतो, पण गाव माणसाला सोडत नाही. वनरक्षकाचा शब्द न् शब्द माझ्या अंगात उभा राहिला. मी धावलो नाही. वाकलो नाही. पाठ दाखवली नाही. गर्रकन वळलो, दोन्ही हात वर केले, छाती फुगवली, पोट आपोआपच फुगलेले होते, आणि आवाजाच्या दिशेला तोंड करून एक एक पाऊल मागे जाऊ लागलो. "मी तुझं काही वाकडं केलेलं नाही," असे मी खणखणीत आवाजात म्हणालो असेही सांगतात. मला आठवत नाही.

मागची मंडळी वळणावर आली तेव्हा हात वर करून एका झाडाला शरण गेलेला मी त्यांना दिसलो. सौ. जागीच थबकली. ती चंद्रपूरची, तिला काही विचारावे लागले नाही, तिनेही हात वर केले. मेहुणा आळीपाळीने आम्हा दोघांकडे बघत राहिला.

वाटाड्याने वर बोट दाखवले. "शेकरू."

तीन मजले उंचावर, फांदीवर, तांबूस-काळसर अंगाची, झुबकेदार शेपटीची एक भली थोरली खार बसली होती. दोन हातांत फळ धरून कुरतडत होती आणि अर्धे झाले की खाली टाकत होती. हा आपल्या राज्याचा प्राणी. जमिनीवर क्वचितच उतरतो, झाडावरून झाडावर उड्या मारत जातो. त्याने आमच्याकडे पाहिले, खडखडत्या आवाजात काही शेरे मारले, अगदी हिशेबतपासनीस वही बघताना मारतो तसे, आणि एका झेपेत पलीकडच्या झाडावर निघून गेला.

"अहो, तुम्ही हात खाली घ्या," मेहुणा म्हणाला. "ताई, तूही."

तेवढ्यात पुढच्या वळणावरून मुलगी परत आलेली दिसली. तिला काय झाले ते माहीत नव्हते. ती कमरेवर हात ठेवून उभी होती. "बाबा, चला ना!"

मी धावलो. फार नाही, तीनशे पावले असतील. पण ती एका दमात, आणि बोलणे न तुटता, कारण बोलायला काही नव्हतेच. धावता धावता लक्षात आले की आयुष्यात मी आजवर धावलो तो कोणीतरी मागे लागले म्हणून. शाळेची घंटा, सुटलेली यष्टी, वडील गेल्यावर नोकरी, मार्चअखेर. पुढे कोणी उभे आहे म्हणून धावायची ही पहिलीच वेळ. मी पोचलो तेव्हा तिने माझ्या मनगटावर दोन बोटे ठेवली, शाळेत शिकवल्याप्रमाणे, आणि गंभीर चेहऱ्याने ठोके मोजले. आकडा मला सांगितला नाही. पण हसली.

थोडे वर गेल्यावर झाडी उघडली आणि खाली एकदम समुद्र दिसला. मी बराच वेळ बघत उभा राहिलो. "आमच्याकडे हे असतं तर," मी मेहुण्याला म्हणालो, "मीही रोज धावलो असतो. तुमचं बरं आहे. समुद्र आहे."

"भाऊजी," तो म्हणाला, "तुमच्याकडेही होता की."

मला वाटले माझी थट्टा चालली आहे. पण शिक्षक एकदा सुरू झाला की थांबत नाही. आमच्या तालुक्यात गडचांदूर, आवारपूर, उपरवाही इथे सिमेंटचे कारखाने आले ते कशामुळे? चुनखडीमुळे. ती चुनखडी आली कुठून? समुद्रातून. शंभर कोटी वर्षांच्याही पलीकडे आमच्या बाजूला समुद्र होता, आणि त्याच्या तळाशी चुन्याचा गाळ थरावर थर साचत गेला. त्या दगडाला भूगर्भशास्त्रात नावच चांदा चुनखडक असे आहे. "तुम्ही समुद्र बघायला इतके लांब आलात," मेहुणा म्हणाला, "आणि राहता त्याच्या तळावर."

मी खाली बघितले, मग समुद्राकडे बघितले. कोरपना हे समुद्राकाठचे गाव आहे; समुद्र तेवढा आधी निघून गेला! आमच्या गावाने तीन जिल्हे बघितले ते काहीच नव्हे.

परत आल्यावर मी पुन्हा गडचांदूरच्या रस्त्याला लागलो, ट्रक सुरू व्हायच्या आधी, उजाडताना, आणि बँकेकडे तोंड करून. म्हणजे आधी मुलीला मागे बसवून स्कूटरने गावाबाहेर जायचे, स्कूटर ओळखीच्या शेतात लावायची आणि तिथून गावाकडे धावत यायचे. स्कूटर आणायला संध्याकाळी पुन्हा चालत जावे लागते. डॉक्टरांना ही योजना फार आवडली. गावही सरावले आहे. दूधवाला आता सोबत करत नाही, नुसता भोंगा वाजवतो. बंडीवरचे आजोबा बैल न थांबवता विचारतात, "आज कोठवर जी?"

"समुद्रापर्यंत," मी सांगतो.

"लय दूर हाये बाप्पा!"

"नाही," मी म्हणतो, "बंडीखालीच आहे."

ते खाली वाकून बघतात आणि बैलांना हाक देतात. साहेबांचे डोके फिरले आहे हे आता गावात सर्वमान्य झाले आहे. पण ठेवी सुरक्षित आहेत, त्यामुळे कोणाची तक्रार नाही.

परवा पुन्हा चंद्रपूरला जाऊन आलो. साखर काठावरून जराशी आत सरकली आहे. डॉक्टरांनी कागदावर फक्त 'चालू ठेवा' एवढेच लिहिले. म्हणजे धावते म्हणता म्हणता खाते शेवटी चालूच निघाले.

त्या खात्याचे पासबुकही आहे. भरून संपलेले एक जुने पासबुक मुलीने माझ्याकडून मागून घेतले आणि त्यात मागे उरलेल्या कोऱ्या पानांवर ती रोज नोंद करते. तारीख, तपशील, जमेच्या रकान्यात पावले. ज्या दिवशी मी कंटाळा करतो तो दिवस नावे पडतो. नोंदी चोख असतात. बावीस वर्षांत मला एवढ्या चोख जमल्या नाहीत.

फक्त शेवटचा रकाना तिने कोरा ठेवला आहे. मी विचारले, तेव्हा म्हणाली, "शिल्लक नाही काढायची, बाबा."

मी बँकेचा माणूस. पण तिथे मीही सही करून टाकली.